आठमीचं पाणी

माझ्या पत्नीची वाचा गेली, त्याला त्या माघात चौदा महिने झाले होते. एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात थांबला, तोंड वाकडं झालं, आणि "काय होतंय?" असं मी विचारल्यावर तिच्या तोंडून जे आलं ते शब्द नव्हते. दवाखान्यात वेळेत पोचलो. जीव वाचला. चार महिन्यांनी ती काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालू लागली. बोलणं मात्र परत आलं नाही. तिला सगळं कळतं, असं डॉक्टर सांगत; मेंदूपासून जिभेपर्यंतची वाट तेवढी तुटली आहे, ती कधी जुळेल आणि किती जुळेल हे सांगता येत नाही. बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाई पंधरा दिवसांतून एकदा घरी यायच्या. त्यांनी मला एक काम दिलं. रोज ती किती शब्द बोलली ते लिहून ठेवायचं.

हे काम मला अवघड नव्हतं. मी पाणी मोजणारा माणूस आहे. कर्जतला आमचं घर, आणि खालापूर तालुक्यातल्या एका लहान धरणावर माझी नोकरी. धरणाच्या भिंतीला आकडे रंगवलेली पट्टी आहे. रोज सकाळी आठ वाजता ती वाचायची आणि पाण्याची पातळी वहीत लिहायची. पावसाळ्यात दर तासाला. सव्वीस वर्षांत माझा आकडा चुकला असं कुणी म्हटलेलं नाही. तशीच मी घरी दुसरी वही सुरू केली. तारीख, शब्द, एकूण. शून्य. शून्य. एक, 'हां'. शून्य. शून्य. पानं भरत गेली तसा मी देवासमोर बसून जे स्तोत्र रोज अकरा वेळा म्हणत होतो ते एकवीस वेळा म्हणू लागलो. मी नास्तिक कधीच नव्हतो. पण त्या दिवसांत दिवा लावताना मनात यायचं, की आपलं म्हणणं तिथवर पोचतं की नाही, हे वाचायची पट्टी कुठे लावलेली असते? माझ्या बाजूची नोंद पूर्ण होती. पलीकडची पानं कोरी.

खरं सांगायचं तर मला तिच्या प्रगतीपेक्षा तिच्या आवाजाची ओढ लागली होती. ती माझ्यावर ओरडायची, त्या आवाजाची. तिचं माहेर श्रीवर्धनच्या बाजूला समुद्राकाठी. पंचवीस वर्षं कर्जतला राहूनही तिचं बोलणं तिकडचंच राहिलं. माझी आई हसायची, आणि पाहुणे आले की मी स्वतः तिला हळूच सुधारायचो, 'नाय' नाही, 'नाही' म्हण. हे आठवलं की आता माझी मान खाली जाते. घर इतकं शुद्ध झालं होतं की भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काही ऐकू यायचं नाही.

तिच्या माहेरी एक रीत आहे. गावापासून नऊ किलोमीटरवर, एका उंच कड्यावर देवीचं ठाणं आहे. कड्यावरची आई म्हणतात तिला. सासरी गेलेल्या मुली माघात तिची ओटी भरायला येतात, आणि येतात त्या रस्त्याने नव्हे. गावातल्या वाळूवर उतरायचं आणि समुद्राच्या काठाकाठाने, वाळूच्या पुळणी आणि खडक तुडवत, कड्यांच्या पायथ्याने चालत जायचं. रस्त्याने नेलेली ओटी देवी घेते, पण माहेरवाशिणीचं येणं तिच्या खात्यात धरत नाही, असं पत्नी सांगायची. लहानपणी ती आईबरोबर जायची त्याच्या आठवणी तिने मला इतक्या वेळा सांगितल्या होत्या की मला ती वाट न बघता पाठ होती. आम्ही उजाडायच्या आत निघायचो, ती म्हणायची. मी मनात म्हणायचो, उन्हाच्या आधी पोचायला. कड्याचं नाक समुद्रात घुसतं तिथे परातीएवढे सपाट दगड लागतात, त्यांवरून बायका एकीमागे एक जातात, गाणी म्हणत. लग्न झाल्यापासून ती दर वर्षी म्हणायची, यंदा आपण दोघं जाऊ. आणि दर वर्षी माझ्याकडे कारण असायचं. रजा शिल्लक नाही, धरणावर दुसरा माणूस नाही, मुलीची परीक्षा आहे. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. त्या माघात ठरवलं, तिच्या वतीने मी जायचं. ओटीचं सामान न्यायचं, तिच्याच वाटेने चालत जायचं आणि देवीकडे एकच मागायचं. तिच्या तोंडून एक पूर्ण वाक्य. मागणंसुद्धा मी मोजूनच ठरवलं होतं.

समुद्राच्या भरती-ओहोटीची मला माहिती नव्हती. आमच्या बाजारात इस्माईलभाईंचं नळ-पाइपांचं दुकान आहे. त्यांचे वाडवडील त्याच किनाऱ्यावरचे, तिथून दोन पिढ्यांपूर्वी कर्जतला आलेले. त्यांना जाऊन विचारलं.

"सोपं आहे, भाऊ," ते म्हणाले. "तिथीची पाऊणपट करा. आज चौथ, म्हणजे तीन वाजता भरती. त्यात सहा मिळवा, ओहोटी. आमच्या दादाजींकडे घड्याळ नव्हतं, पण बघा, एवढ्यावर जन्म काढला."

मी तिथेच हिशेब केला. अष्टमी, आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, म्हणजे बरोबर दुपारी बाराला ओहोटी. आठला निघालो तर अडचणीच्या जागी मी ऐन ओहोटीला पोचणार. शिवाय अष्टमी ही देवीचीच तिथी. मी त्यांना कागद दाखवला.

"वर्गात पहिला नंबर असणार तुमचा," इस्माईलभाई हसले. "पण समुद्राला कागद वाचता येत नाही, भाऊ. उतरायच्या आधी तिथल्या कुणा माणसाला विचारा." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, ते पाइप कापायला उठले, आणि मी कागद घडी करून खिशात घातला. आकडा हातात असताना माणसाला काय विचारायचं, असं मला वाटलं होतं.

घरी येऊन पत्नीला सांगितलं. तिचा चेहरा आधी फुलला. मग मी "अष्टमीला" म्हणालो आणि ती एकदम अस्वस्थ झाली. डाव्या हाताने तिने खिळ्यावरचं कॅलेंडर ओढून काढलं आणि पौर्णिमेच्या चौकोनावर बोट ठेवलं. मी समजावलं, पौर्णिमेला तुझ्या व्यायामाच्या बाई येणार आहेत, आणि रजा अष्टमीची मंजूर झाली आहे. ती त्याच चौकोनावर बोट आपटत राहिली. मग डावा तळवा आडवा धरून तिने तो खाली दाबला, आणखी खाली, पार जमिनीला टेकेपर्यंत. मला वाटलं, बसा, जाऊ नका, असं म्हणते आहे. आणि मग ते झालं. "नको," ती म्हणाली. अगदी स्पष्ट. "नको," ती पुन्हा म्हणाली, अधिक जोरात.

चौदा महिन्यांत 'हां' सोडून दुसरा शब्द नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी नेरळला मुलीला फोन लावला, "अगं, आई बोलली! दोन शब्द!" मुलगी तिकडे रडायला लागली. मी वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं, 'नको, नको. एकूण दोन.' खाली रेघ मारली. देवीने निघायच्या आधीच खूण दिली, असं मी ठरवून टाकलं. पत्नी माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

सप्तमीला मुलगी आईपाशी राहायला आली आणि मी निघालो. तालुक्याच्या गावी मुक्काम करून सकाळी रिक्षाने पत्नीच्या माहेरी उतरलो. घराला कुलूप होतं. तिचे भाऊ मुंबईला असतात. अंगणातली जास्वंद कुणी पाणी न घालताही फुलली होती. मी पायरीला हात लावून नमस्कार केला आणि बरोबर आठ वाजता वाळूवर उतरलो.

त्या सकाळी मी जे पाहिलं ते तिने मला पंचवीस वर्षं शब्दांत दाखवलेलं होतं, आणि तरी मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. सुरूच्या झाडांची लांब रांग, तिच्या पुढ्यात दोन किलोमीटर ओली, घट्ट पुळण, पायांखाली करकरणारे शिंपले. पुळण संपली तिथे काळे खडक सुरू झाले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे भोकाभोकांचे. प्रत्येक भोकात चमचाभर समुद्र आणि त्यात इवलासा खेकडा. मग एक छोटी पुळण, मग पुन्हा खडक, आणि डाव्या हाताला तांबडा-काळा कडा चढत चढत गेला. वर दोन समुद्री गरुड फिरत होते. मी पावलं मोजत होतो, ते मध्येच सुटलं. कारण प्रत्येक वळणावर मला वाटत होतं की ती दहा-बारा वर्षांची, परकर खोचून, पुढे पळत गेली आहे आणि त्या खडकाआड उभी राहून ओरडेल, "चला की लवकर!" वळण यायचं, जायचं. लाटा सोडून आवाज नव्हता. एका करंजाच्या सावलीत मी चपाती-चटणी खाल्ली. दोन माणसांची बांधून आणली होती, हे डबा उघडल्यावर लक्षात आलं.

पावणेबाराला मी कड्याच्या नाकाशी पोचलो. तिथे कोरडी वाट नव्हती. सपाट दगड दिसत होते, पण पाण्याखाली, हिरवट, हलणारे. मी घड्याळ पाहिलं. अजून पंधरा मिनिटं होती. माझ्या सवयीप्रमाणे एक खडा घेऊन खडकावर पाण्याच्या रेषेशी खूण केली. बारा वाजता पाणी खुणेच्या दोन बोटं खाली होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी तिथेच. म्हणजे हीच पूर्ण ओहोटी. माझा हिशेब मिनिटाला जुळला होता! यापेक्षा पाणी कमी होणार नाही, तेव्हा आता जायलाच हवं, असा मी निष्कर्ष काढला. पँट वर केली, ओटीची पिशवी गळ्यात अडकवली आणि उतरलो.

पहिलं वळण गुडघाभर, मग मांडीभर पाण्यातून खडक धरत पार केलं. पलीकडे सुपाएवढी वाळू होती, तीन बाजूंनी कडा. त्यापुढच्या वळणावर पाय टाकला तो छातीपर्यंत आत गेलो, आणि एका लाटेने मला उचलून खडकावर आपटलं. कोपर सोललं, चष्मा गेला. कसाबसा मागे येऊन वाळूवर उभा राहिलो. श्वास लागला होता. थोड्या वेळाने आल्या वाटेने परत जायचं म्हणून पहिल्या वळणाशी गेलो, तर तिथेही पाणी आता कमरेच्या वर येऊन धडकत होतं. भरती लागली होती. फोन पिशवीत भिजून बंद पडला होता. मी कड्याकडे वळलो आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने पट्टी वाचली. खडकावर ओलाव्याची काळी रेघ होती, तिच्यात पांढऱ्या शिंपल्यांचा थर. ती माझ्या डोक्याच्या वर वीतभर होती.

भीती वाटली हे सांगायला लाज नाही. पण मरणाच्या भीतीपेक्षा एक वेगळीच गोष्ट मनात आली. मुलगी तिला सांगेल, बाबा गेले. आणि तिला ते कळेल, पूर्ण कळेल, आणि रडताना ओठांवर आणायला तिच्यापाशी एक शब्द नसेल. माझं नावसुद्धा नाही. मी वाळूवर बसलो. रोजचं म्हणायला तोंड उघडलं, तर पहिली ओळ आठवेना. एकवीस वेळा रोज म्हटलेलं, आणि पहिली ओळ आठवेना. मग मी नुसताच म्हणालो, "आई, मला काही कळत नाही गं." एवढंच. काही मागितलं नाही. मागायचं ठरवलेलं वाक्य तेव्हा लक्षातही नव्हतं.

"ओ! ओ पावनं! मरायला आलाव का हितं?"

तो आवाज माझ्या पत्नीचा नव्हता, हे मला कळत होतं. पण ते बोलणं तिचं होतं. तोच हेल, शेवटच्या अक्षरावर तोच झटका.

"वर बघा, वर! तिकडं काय बघताव, समुद्र काय उत्तर देनार हाय?"

वर, कड्याच्या काठावर, एक बाई ओणवी होऊन उभी होती. पन्नाशीची असावी. हातात विळा, कासोटा घातलेला. चष्म्याविना मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाज खणखणीत होता.

"ती करवंदीची जाळी दिसते? तिच्यामागं घळ हाय. तिच्यात पाय घाला. डावा नाय, उजवा! उजवा म्हंजी जेवताव त्या अंगाचा! हां. आता पोट खडकाला लावा. पोट हाय तेवढं लावा."

जाळीमागे खरंच एक अरुंद घळ होती, खालून न दिसणारी. मी काट्यांतून शिरलो आणि चढू लागलो. अर्ध्यावर धरायला काही उरलं नाही, तेव्हा वरून दोर आला.

"दुसरं टोक किंजळीच्या झाडाला बांधलंय. हातानं धरा, पन लोंबकळू नका. गवताचा भारा बांधायचा दोर हाय तो, हत्ती बांधायचा नाय. अवो, खाली काय बघताव? खाली काय ठेवलंय तुमचं? वर या!"

मी वर आलो आणि गवतावर पालथा पडलो. ती माझ्या डोक्याशी उभी राहून बोलतच होती.

"घड्याळ बांधलंय हातात, डोळं कुठं बांधून ठेवलंत? आज तिथ कोनची?"

"अष्टमी," मी म्हणालो.

"मग? आठमीला कोन उतरतं खाली? भांगाचं पानी हे. धड भायेर जात नाय, धड आत येत नाय, मधीच बसून ऱ्हातं. पुनवेला येयाचं, न्हाय तर आवसेला, उजाडायच्या आत. तवा उधाण असतं, पानी पार लांब जातं, कोरड्या पायानं जाता येतं."

"पण बाराला पूर्ण ओहोटी होती," मी पुटपुटलो. एवढं होऊनही मला माझा हिशेब सोडवेना. "मी वेळ बरोबर काढली होती."

"येळ बरोबरच हाय. पन पानी किती उतरनार? कवा, ते विचारलंत. किती, ते कोनी विचारायचं?"

सव्वीस वर्षं मी रोज सकाळी एकच प्रश्न विचारत आलो होतो, पाणी किती. आणि त्या एका दिवशी तोच विचारायचा राहून गेला. मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी मी रडायला लागलो, मोठ्याने, लहान मुलासारखा. ती घाबरली. विळा खाली टाकून बसली. "लागलं का कुठं? रडताव कशाला? वर आलाव ना आता." मी तिला कसं सांगणार होतो की मी कशासाठी रडतो आहे? चौदा महिन्यांत माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं. पण तेही मी सांगितलं. पत्नीचं, तिच्या माहेराचं, ओटीचं, सगळं. ऐकता ऐकता तिने झाडाचा दोर सोडून गुंडाळून घेतला. मग म्हणाली, "मी ह्या अंगाला येत नाय कधी. आमचं गवत पलीकडल्या उतारावर. परवा वणवा लागला, सगळं जळलं. म्हनून आज हिकडं आले." तिने हे गवताबद्दलची तक्रार म्हणूनच सांगितलं. मीही त्याचं काही अधिक करत नाही. जसं ऐकलं तसं लिहितो.

तिचं नाव यसूबाय. कापलेल्या गवताचा भारा तिथेच ठेवून ती माझ्याबरोबर देवीपर्यंत आली, कारण "चष्म्याबिगर तुमी परत कुठल्या तरी भोकात पडाल." सड्यावरून, म्हणजे कड्याच्या माथ्यावरच्या उघड्या कातळावरून, पाऊण तास चालायचं होतं. उजव्या हाताला खाली समुद्र पांढरा होऊन आदळत होता. ती पूर्ण वाटभर बोलत होती. सून, गवत, गावातला नळ, म्हैस. मी एक शब्दही मध्ये घातला नाही. तहानलेल्या माणसाने ओंजळ धरावी तसा मी चालत होतो.

देवळात पिशवी सोडली. तांदूळ खारट पाण्याने भिजले होते, खणाचा रंग नारळाला लागला होता. मी अवघडून उभा राहिलो. "भिजलं तर भिजलं," यसूबाय म्हणाली, "हिला समुद्राचं काय नवं?" ओटी बाईनेच भरायची असते, ती पुढे झाली. "नाव सांगा तिचं."

मी सांगितलं, सुनंदा.

"ते सासरचं. ते आई कसं वळखंल? हितं ती पोर हुती तवाचं सांगा."

पंचवीस वर्षांपूर्वी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मी नवं नाव लिहिलं, आणि जुनं त्याच दिवशी मिटलं. घरात ते कुणी कधी घेतलं नाही. मला ते आठवायला एक क्षण लागला, याची मला आजही खंत आहे. "वेणू," मी म्हणालो. यसूबायने ओंजळ वर केली. "आई, तुझी वेणू आली गं चालत," ती म्हणाली, "अर्धी चालत, अर्धी दोरानं." आणि ओले तांदूळ देवीच्या पदरात सोडले. मी हात जोडून उभा होतो. मागायचं वाक्य ओठांशी आलं होतं, ते तिथेच राहिलं. मला मिळालं नव्हतं, असं म्हणायला जागा नव्हती. एक वाक्य मागायला निघालो होतो. त्या दिवशी कानांत किती वाक्यं पडली त्याची गणती नव्हती, आणि सगळी तिच्याच बोलीतली, बहुतेक सगळी शिव्यांसारखी गोड.

निघताना यसूबाय म्हणाली, "पुनवेला घेऊन या तिला. चालता नाय आलं तरी वाळूवर बसंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. पत्नी पलंगावर बसली होती. माझं सोललेलं कोपर, चष्म्याविना डोळे पाहून तिने काठी शोधली, उठू लागली. मी दारातूनच हाक मारली, "वेणू." ती जागच्या जागी थांबली. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं, त्यासाठी माझ्याजवळ शब्द नाही. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाराचा हिशेब सांगताना तिची नजर माझ्यावर रोखलेली होती. यसूबायचं 'किती ते कोनी विचारायचं' सांगितलं, तेव्हा ती हसली. खांदे हलवून, आवाज करून, चौदा महिन्यांत पहिल्यांदा. मग डावा तळवा आडवा धरला आणि खाली दाबला, आणखी खाली, जमिनीला टेकेपर्यंत.

मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. तिने कॅलेंडर ओढून सहा दिवसांनंतरच्या, पौर्णिमेच्या चौकोनावर बोट ठेवलं.

ती मला तेव्हाच सांगत होती. पाणी पार खाली गेलं पाहिजे. पौर्णिमेला जा. अष्टमीला नको. नको! एवढं मोठं, पुरं, स्पष्ट बोलणं तिने माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि मी त्यातले दोन शब्द वेचून, आनंदाने बेरीज करून, खाली रेघ मारली होती. ती चौदा महिने बोलत असेल. मी चौदा महिने शून्य लिहीत होतो. देवाची पानं कोरी आहेत, असं ज्या माणसाला वाटत होतं, त्याला वाचता येत होतं कुठे?

व्यायामाच्या बाईंना दुसरा दिवस सांगून पौर्णिमेला आम्ही गेलो. जावयाने गाडी काढली. उजाडायच्या आत तिच्या माहेरच्या वाळूवर उतरलो, तेव्हा समुद्र इतका लांब गेला होता की तो आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. बायकांची रांग कड्याकडे निघायच्या बेतात होती. तिच्यात यसूबाय होती. सगळ्या बायकांना तिने मोठ्या आवाजात माझी ओळख करून दिली, "ह्येच ते, आठमीचे पावनं," आणि त्या पदराआड हसल्या. माझी पत्नी सगळ्यांत मोठ्याने हसली.

ती नऊ किलोमीटर जाणार नव्हती. पण चपला काढून, एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला मी, अशी ती ओल्या वाळूत उतरली. रांग पुढे गेली, गाणं लांब होत गेलं, आणि ती त्या दिशेने बघत, थांबत, पाऊल टाकत राहिली. ती वाक्य अजून बोललेली नाही. तिचा आवाज ऐकायची माझी ओढ कमी झालेली नाही, आणि ती कमी व्हावी असंही मला वाटत नाही. ज्याने मला वर ओढलं त्याच्यावर आता हेही सोडलं आहे. शब्दांची वही मी व्यायामाच्या बाईंना देऊन टाकली. धरणावरची पातळी मी अजून रोज आठ वाजता लिहितो; ते माझं काम आहे.

त्या पहाटे ती माझ्या हातात हात घालून वाळूवर किती पावलं चालली, ते मात्र मी मोजलं नाही.